पानं भरणारे आणि पानं मोजणारे

पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा. एमपीएससी करणारं कुणी घरात असेल, आणि त्यातही मानसशास्त्र वैकल्पिक घेतलेलं असेल, तर त्यांना आवर्जून पाठवा.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०१२ पासून जवळजवळ सगळी बहुपर्यायी होती. ती वर्णनात्मक करायचं आयोगानं २०२२ मध्ये जाहीर केलं. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि अंमलबजावणी २०२५ च्या परीक्षेवर गेली. आता यूपीएससीच्या धर्तीवर नऊ पेपर आहेत. मराठी आणि इंग्रजी पात्रतेपुरते. बाकी सातांचे मिळून १७५० गुण, आणि त्यातले ५०० एकट्या वैकल्पिक विषयाचे. २६ विषयांच्या यादीत मानसशास्त्र आहे. म्हणजे जवळजवळ तीस टक्के भवितव्य एका विषयाच्या दोन उत्तरपत्रिकांवर अवलंबून, आणि त्या उत्तरपत्रिका कशा तपासल्या जाणार हे देणाऱ्याला माहीत नाही.

मी या बदलाच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. गोल काळे करून अधिकारी निवडायचे दिवस गेले ते बरंच झालं. पण आपल्याकडे दीर्घोत्तरी प्रश्नाचं उत्तर लिहिण्याची आणि तपासण्याची जी रीत पडून गेलीय, ती तशीच उचलून या परीक्षेत आणली, तर हा बदल फक्त क्लासवाल्यांच्या पथ्यावर पडेल. आणि तसंच होताना दिसतंय.

ही रीत काय आहे ते मानसशास्त्र शिकवणारी म्हणून मी बावीस वर्षं बघतेय. बारावीपासून मुलांना एकच शिकवलं जातं: भरपूर लिहा. दहा मार्कांना चार पानं. व्याख्या, मग आणखी एका शास्त्रज्ञाची व्याख्या, मग प्रकार, मग आकृती, मग "अशा प्रकारे". प्रश्नात काय विचारलंय याच्याशी उत्तराचा संबंध असलाच तर योगायोग. प्रश्नातला एक शब्द ओळखायचा, "अध्ययन" दिसलं की अध्ययनाचं प्रकरण ओतायचं.

आणि तपासणारे? एका विद्यापीठाच्या कॅपमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या ज्येष्ठ सरांनी मला प्रेमानं सांगितलेलं वाक्य अजून आठवतं: "मॅडम, वाचत बसलात तर रात्र होईल. पानं बघा, अक्षर बघा, अधोरेखित काय केलंय ते बघा." ते सर वाईट नव्हते. दिवसाला ठरलेले गठ्ठे, उत्तरपत्रिकेमागे मिळणारं मानधन बघितलं तर चहाचा खर्च निघेल एवढं, आणि हातात आदर्श उत्तर म्हणून कुणीतरी गाईडवरून उतरवलेला अर्धा कागद. अशा ठिकाणी पानं मोजली जाणार नाहीत तर काय होईल? मुलगा भरतो कारण तपासणारा मोजतो, आणि तपासणारा मोजतो कारण मुलगा भरतो. दोघांनाही प्रबलन मिळतंय, वर्तन पक्कं होतंय. स्किनर आपल्या कॅपमध्ये आला असता तर त्याला उंदरांची गरज पडली नसती.

आता मुद्द्याचं. चांगलं उत्तर म्हणजे काय, हे हवेत बोलून उपयोग नाही. एक प्रश्न घेऊ, मीच तयार केलेला, पण पेपरात शोभेल असा. "हेल्मेटसक्तीचा परिणाम टिकत नाही. साधक अभिसंधानाच्या तत्त्वांच्या आधारे चर्चा करा. १५ गुण."

पुणेकरांनी हसू नये. प्रश्न गंभीर आहे, माणसं मरतात.

क्लासच्या नोट्समधून येणारं उत्तर मला तोंडपाठ आहे. स्किनरचा जन्म १९०४, अमेरिका. मग स्किनरची पेटी, तिची आकृती, दांडा, अन्नाची गोळी. मग प्रबलनाचे प्रकार: धन, ऋण. मग प्रबलनाची वेळापत्रकं, चारही, आलेखासकट. मग शेवटच्या चार ओळींत हेल्मेट पहिल्यांदा उगवतं: "अशा प्रकारे शासनानं दंडाबरोबरच जनजागृती केल्यास हेल्मेटचा वापर वाढेल." साडेचार पानं. अक्षर मोत्यासारखं. यात चुकीचं काही नाही, आणि प्रश्नाचं उत्तरही नाही. हेल्मेट काढून तिथं "शौचालय" किंवा "मतदान" घातलं तरी उत्तर तसंच्या तसं उभं राहतं. माझी कसोटी हीच आहे: प्रश्नातला प्रसंग बदलून बघा. उत्तर हललं नाही तर ते उत्तर नव्हतंच.

आता दुसरं उत्तर. पाचशे टक्के नको, दीड पान बस्स. आधी वर्तन कोणतं ते ठरवा: दुचाकीवर बसताना हेल्मेट डोक्यावर घालणं. (हातात अडकवणं नाही, आरशावर टांगणं नाही. हा विनोद नाही, वर्तनाची नेमकी व्याख्या आहे.) मग बघा की या वर्तनाच्या मागोमाग काय येतं. दंड ही शिक्षा आहे आणि ती "न घालणं" कमी करायला आहे. पण ती कधीतरीच मिळते, चौकात पोलीस असेल तेव्हाच. त्यामुळे माणूस "हेल्मेट घालावं" हे शिकत नाही, तो "पोलीस दिसला की घालावं" हे शिकतो. पोलीस ही शिक्षा येऊ शकते याची खूण होते, आणि पुढच्या गल्लीत खूण गेली की हेल्मेट परत कोपरावर. उलट बाजूला, न घालता केलेली प्रत्येक फेरी सुखरूप घरी पोहोचते, केस विस्कटत नाहीत, घाम येत नाही, पार्किंगला सांभाळायची कटकट नाही. म्हणजे नको असलेल्या वर्तनाला रोज, लगेच, न चुकता बक्षीस. आणि शिक्षा महिन्यातून एकदा, तीही झाली तर. असा सामना असेल तर कोण जिंकणार हे सांगायला अभ्यासक्रम लागत नाही, पण ते नेमक्या शब्दांत सांगायला लागतो.

इथंच आणखी एक जागा आहे जिथं निम्मे विद्यार्थी घसरतात. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असं लिहितात. नाही हो. प्रबलन, धन असो की ऋण, वर्तन वाढवतं. शिक्षा ते कमी करते. चारचाकीत पट्टा लावला नाही की ती पीं पीं सुरू होते आणि पट्टा लावला की थांबते. नकोसं काहीतरी थांबलं म्हणून पट्टा लावणं वाढलं, हे ऋण प्रबलन. चलान फाडलं ही शिक्षा. हेल्मेटच्या उत्तरात ही तुलना दोन ओळींत आली की तपासणाऱ्याला कळतं, या पोराला संकल्पना समजलीय. त्यासाठी जन्मसाल लागत नाही.

आणि मग शेवटी मर्यादा. प्रश्न "चर्चा करा" म्हणतो, "लिहा" म्हणत नाही. सगळं वागणं बक्षीस-शिक्षेनं समजत नाही. आसपासचे कुणीच घालत नसतील तर घालणारा वेगळा दिसतो, सामाजिक प्रमाणकं आली. "मला काही होत नाही" हा अवास्तव आशावाद आला. एवढं लिहिलं की थांबा. कागद उरला तर उरू द्या, तो सरकारचा आहे.

बघा, या उत्तरात विद्वत्ता फार नाही. संकल्पनेचं नाव घेतलं, ती या प्रसंगात कुठं आणि कशी लागते ते दाखवलं, कुठं लागत नाही ते सांगितलं. मजबूत उत्तर म्हणजे एवढंच. पण हे करायला प्रकरण समजलेलं असावं लागतं, पाठ असून भागत नाही. म्हणून ते शिकवायला वेळ लागतो. म्हणून क्लासला ते परवडत नाही.

क्लासवर थोडं बोलायलाच हवं. सध्या बाजारात "टॉपर्स कॉपी" विकल्या जातात, आणि "प्रस्तावना-गाभा-समारोप"चा साचा. प्रस्तावनेत एक अवतरण टाका, दोन आकृत्या काढा, एक सरकारी योजना जोडा, शेवटी "पुढील दिशा". सामान्य अध्ययनात हे कदाचित खपत असेल. मानसशास्त्रात संशोधनाच्या प्रश्नाला "पुढील दिशा" काय लिहिणार? उंदराला घरकुल योजना?

या नोट्समधला पुरावा तर बघूच नका. अजून १९६४ ची न्यूयॉर्कची ती गोष्ट: एका तरुणीचा खून होताना ३८ जण खिडकीतून बघत राहिले आणि कुणीच काही केलं नाही. बघ्यांच्या वृत्तीवर प्रश्न आला की शंभरातले नव्वद जण हेच लिहितात. २००७ मध्ये तीन ब्रिटिश संशोधकांनी मूळ कागदपत्रं तपासून दाखवलं की ३८ जणांनी बघत राहिल्याची ती गोष्ट पुराव्यावर टिकत नाही. म्हणून संकल्पना खोटी ठरते का? नाही. डार्ली आणि लाताने यांचा १९६८ चा प्रयोग आहे ना. इंटरकॉमवर पलीकडच्या माणसाला झटका आल्याचा आवाज. आपण एकटेच ऐकतोय असं वाटलं तेव्हा ८५ टक्के मदतीला उठले, आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के. हे दोन आकडे एका ओळीत मावतात आणि ती ओळ खुनाच्या अख्ख्या पानभर कहाणीपेक्षा जड आहे. कारण प्रयोगात फक्त एक गोष्ट बदलली होती, किती जण आहेत असं वाटतं ती. कार्यकारण तिथं दिसतं.

तसंच मिलग्रॅमचं. "६५ टक्के लोकांनी ४५० व्होल्टपर्यंत झटके दिले" एवढं सगळे लिहितात. चाळीसपैकी सव्वीस, बरोबर आहे. पण तोच प्रयोग, आज्ञा देणारा खोलीत नसून फोनवर असेल तर पाचातला जेमतेम एक शेवटपर्यंत गेला, हे कुणी लिहीत नाही. खरं तर उत्तर तिथं आहे! आज्ञाधारकपणा माणसाच्या स्वभावात कमी आणि परिस्थितीत जास्त, हे त्या दुसऱ्या आकड्यानं सिद्ध होतं. उद्या जो प्रांत किंवा डीवायएसपी होणार आहे, वरून आलेला फोन घेणार आहे, त्याला हे कळलेलं असावं असं मला फार वाटतं. असो.

आणि मॅस्लोचा पिरॅमिड. आकृती काढली की दोन मार्क जास्त, असा समज आहे. मॅस्लोच्या १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिड नाहीच, तो नंतर दुसऱ्यांनी काढला. आकृती काढू नका असं म्हणत नाही. आकृतीनं उत्तर पुढं जात असेल तर काढा. रंगीत पेन घरी ठेवा.

आता आयोगाकडे वळते, कारण सगळा दोष मुलांवर आणि क्लासवर ढकलणं सोपं आहे.

अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षांत मुलं एपी सायकॉलॉजी नावाची परीक्षा देतात, कॉलेज बोर्ड ही संस्था ती घेते. २०२५ पासून तिच्या लेखी भागात दोनच प्रश्न आहेत, मिळून ७० मिनिटं, एकूण गुणांच्या एक तृतीयांश. एकात एका संशोधनाचा सारांश देतात आणि विचारतात: पद्धत कोणती, हा घटक मोजला कसा, या आकड्याचा अर्थ काय, नैतिक काळजी काय घेतली, निष्कर्ष इतरांना लागू होतो का. दुसऱ्यात तीन संशोधनांचे सारांश देऊन म्हणतात, एक दावा मांडा आणि यांतल्या पुराव्यानं तो पटवा. प्रत्येकी सात गुण. हे झालं प्रश्नांचं. खरी गोष्ट पुढं आहे: परीक्षा झाल्यावर गुणदान कसं करायचं याची तपशीलवार सूचना संस्था स्वतः प्रसिद्ध करते. कोणत्या वाक्याला गुण, कोणत्याला नाही. सोबत मुलांनी लिहिलेली खरी उत्तरं, चांगली, मध्यम, कच्ची, आणि प्रत्येकाला तेवढेच गुण का दिले याचं स्पष्टीकरण. नुसती व्याख्या लिहिली, प्रसंगाला लावली नाही, तर गुण नाही, हे सोळा-सतरा वर्षांच्या पोराला आधीच माहीत असतं.

"अमेरिकेचं कौतुक पुरे" म्हणणारे येतीलच. मग दिल्लीपर्यंत या. सीबीएसई बारावीच्या पेपरांच्या गुणदान योजना संकेतस्थळावर टाकते. मानसशास्त्राचीसुद्धा. आकाश कोसळलेलं नाही.

आपल्याकडे मात्र बहुपर्यायी पेपर असेल तर उत्तरतालिका येते, हरकती मागवतात, अंतिम तालिका येते. एका चुकीच्या पर्यायावरून कोर्टात जाता येतं. वर्णनात्मक झालं की हे सगळं गायब. आतमध्ये कुणीतरी, कशाच्या तरी आधारे, १५ पैकी साडेपाच देणार, आणि मुलानं ते प्राक्तन म्हणून स्वीकारायचं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परीक्षार्थीला माहिती अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते. २०१८ मध्ये यूपीएससीच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं हात आखडता घेतला, नागरी सेवा परीक्षेचे असे तपशील यांत्रिकपणे उघड करायला लावता येणार नाहीत म्हणून. ठीक आहे. कायद्याचा कीस वकील काढतील. मी उत्तरपत्रिका मागतच नाहीये. मी गुणदानाची योजना मागतेय. तिच्यात कुणाचं नाव नाही, कुणाची गोपनीयता नाही.

यावर मला दोन उत्तरं मिळाली आहेत. एक म्हणजे योजना बाहेर आली की क्लासवाले ती पाठ करून घेतील. घेऊ देत की! "संकल्पना दिलेल्या प्रसंगाला लावली तर ४ गुण" ही ओळ पाठ करून काय करणार? प्रसंग दर वर्षी नवा येणार. पाठांतर चालतं ते योजना लपवलेली असते तेव्हाच, कारण मग अंदाज विकता येतो.

दुसरं उत्तर जास्त राग आणणारं आहे: "मानसशास्त्रात काय, एकच बरोबर उत्तर नसतं, तपासणाऱ्यावर असतं." हे विषयाची टिंगल करणं आहे. एक उत्तर नसतं म्हणून निकष नसतो असं नाही. सहसंबंधाला कार्यकारण म्हटलं तर ते चूक आहे, तपासणारा नागपूरचा असो की रत्नागिरीचा. गटांत माणसं वाटताना यादृच्छिकपणा का लागतो आणि नमुना निवडताना का लागतो, ही दोन वेगळी उत्तरं आहेत. एकाच्या जागी दुसरं लिहिलं तर गुण जायलाच हवेत. आणि "मन", "सकारात्मक विचार", "आजकालची पिढी" असं गोड गोड लिहिलेल्या परिच्छेदाला शून्य, हेही ठरवून टाकता येतं.

मराठी माध्यमाच्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. एकाच संज्ञेला तीन पुस्तकांत तीन प्रतिशब्द. कुणी परिवर्त्य म्हणतं, कुणी चल, कुणी परिवर्तक. कुणी ऋण प्रबलन, कुणी नकारात्मक प्रबलन. मुलगी एका पुस्तकातून शिकली, तपासणाऱ्यानं दुसरं वाचलं, आणि गुण गेले. हिच्या बाजूनं मी काय सांगते? कंसात इंग्रजी संज्ञा मराठी लिपीत लिही, पहिल्यांदा येईल तेव्हा एकदाच, आणि पुढं सबंध पेपरात तोच शब्द ठेव. पण हा जुगाड झाला. शासनाच्या भाषा संचालनालयानं परिभाषा कोश करून ठेवलेत. आयोगानं एक ओळ काढावी की कोणते प्रतिशब्द ग्राह्य धरले जातील, आणि ती तपासणाऱ्यांच्याही हातात द्यावी. याला पैसे लागत नाहीत.

मुलांच्या वयाचं भान ठेवून हे बोलतेय. सदाशिव पेठेत दहा बाय दहाच्या खोलीत तिघं राहून, गावाकडून आलेल्या पैशांवर मेस लावून, तिसरा-चौथा प्रयत्न देणारी ही माणसं आहेत. त्यांनी पेपर वाईट लिहिला म्हणून नापास झाली तर दुःख आहे, पण तक्रार नाही. चांगलं काय ते कुणी सांगितलंच नाही म्हणून नापास झाली तर ती फसवणूक आहे.

तर आयोगाला माझं म्हणणं असं: निकाल लागल्यावर प्रत्येक वैकल्पिक पेपरची गुणदान योजना प्रसिद्ध करा. प्रत्येक विषयाची तीन नमुना उत्तरं, नावं काढून, का एवढे गुण त्याच्यासकट. आणि तपासनिसांना दिवसाला झेपतील तेवढ्याच उत्तरपत्रिका, नीट मानधनासकट. हे निवेदन मी लिहून ठेवलंय. मानसशास्त्र शिकवणाऱ्या ज्या प्राध्यापकांना सही करायची आहे त्यांनी मेसेज करा. निवृत्त असाल तरी चालेल, निवृत्तांच्या सह्यांना जरा जोर असतो.

आणि विद्यार्थ्यांनो, वरचा हेल्मेटचा प्रश्न सोडून एक नवा देते. "गावात शौचालयं बांधली गेली, पण वापर वाढला नाही. अभिवृत्ती आणि वर्तन यांतील संबंधाच्या आधारे चर्चा करा. १० गुण, १५० शब्द." रविवार रात्रीपर्यंत उत्तर इनबॉक्समध्ये टाका, जेवढी जमतील तेवढी तपासून, गुण का दिले ते लिहून परत पाठवीन. जन्मसालापासून सुरू होणारी उत्तरं उघडणार नाही.